गाणी वगळून बिनाका

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, रेडिओवरच्या बिनाका गीतमालेतली गाणी कधी टेप केलीच नाहीत. निवेदक अमीन सायानी बोलायला लागले की रेकॉर्डिंग चालू, गाण्याचे पहिले दोन-चार सूर वाजले की पॉजचं बटण खाली. गाणं संपत आलं की बटण परत वर. १९७७ च्या सुमारास कुवेतहून आलेल्या मामेभावानं त्याला नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, दिला होता आणि सोबत थोड्या कोऱ्या कॅसेटी. त्या संपल्यावर बार्शीत मिळणारी कोरी कॅसेट परवडायची नाही. दादाचा हिशेब सरळ होता. गाणी काय, विविध भारती दिवसभर लावते, गणपतीत मांडववाले लावतात, लग्नात बँडवाले वाजवतात. हा माणूस मात्र बुधवारी रात्री आठ ते नऊ. मग टेप खर्चायची तर ह्याच्यावर. अशानं साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये चार-पाच आठवड्यांची गीतमाला मावायची. घरात सगळे त्याला वेडा म्हणायचे. मीही म्हणायचे.

२० फेब्रुवारी २०२४ ला सायानी गेले. मुंबईत, हृदयविकाराच्या झटक्यानं, वयाच्या ९१ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनवर तेच ते फोटो आणि त्याच त्या दोन-तीन क्लिपा फिरत होत्या. दादाचा फोन दुपारी आला. तो त्यांच्या जाण्याबद्दल काही बोललाच नाही. म्हणाला, "कॅसेटी काढल्यात माळ्यावरनं. तुझ्याकडं कॉम्प्युटर आहे. पोरगा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. बघ काय निघतंय का."

रविवारी भाचा बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणि दोन वह्या घेऊन हजर. डब्यात पंचवीस-तीस कॅसेटी होत्या. काहींवर दादाचं ठसठशीत अक्षर, काहींवरचं लेबल झुरळांनी खाल्लेलं. वह्या माझ्या चांगल्या ओळखीच्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, आमच्या कापडाच्या दुकानात उधारी लिहायला असायच्या तशाच. दादानं त्यातल्या दोन वडिलांच्या नकळत उचलल्या होत्या. प्रत्येक पानावर बुधवारची तारीख, खाली रकाने: पायदान (म्हणजे गाण्याचा क्रमांक), गाणं, चित्रपट, गायक, मागच्या बुधवारी कितवं. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात बहुतेक ठिकाणी 'आवाज गेला' एवढंच.

तो शेरा का असायचा ते सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ते सांगूनही पटत नाही. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून आमच्याकडं परत यायची. मुंबई-बार्शी अंतर ते काय, पण आवाज यायचा श्रीलंकेला वळसा घालून. कारण १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटसंगीत थिल्लर वाटायचं आणि त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपारच केलं. आपल्याच मराठी मंत्र्यानं, हे विशेष. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या सैन्यासाठी इंग्रजांनी कोलंबोत दणकट प्रक्षेपक उभारले होते, ते युद्धानंतर सिलोन सरकारकडं राहिले. रेडिओ सिलोननं संधी साधली. १९५२ च्याच डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला.

लघुलहरी वर आयनांबर नावाच्या हवेच्या थरावर आदळून खाली येतात, त्यामुळं आवाज कधी खणखणीत, कधी विहिरीच्या तळातून. आमच्या मर्फी रेडिओची काटकी सुई एक्केचाळीस मीटरवर आणायची आणि मग केसभर इकडं, केसभर तिकडं. जरा जास्त फिरली की चिनी नाहीतर अरबी बातम्या. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली होती. दादाचं असं म्हणणं होतं की मी तिच्याखाली बसले की आवाज जातो. म्हणून बुधवारी आठ वाजता माझी जागा उंबऱ्यात. आईची स्वयंपाकघरात, पण कान बाहेर. वडील अंगणात बाजेवर, आपल्याला यात काही रस नाही असा चेहरा करून. १९७५ च्या वार्षिक कार्यक्रमात महागाईचं गाणं अव्वल आलं, तेव्हा मात्र ते बाजेवरूनच ओरडले, "आता सिलोनलाही कळलं, दिल्लीला कधी कळणार?" आणीबाणीचे दिवस. आईनं आतून "अहो, हळू" केलं.

आवाज नेमका मोक्याला जायचा. तिसऱ्या पायदानपर्यंत सगळं स्वच्छ, दुसऱ्यावर खरखर, आणि पहिल्याचं बिगुल वाजलं की नुसती शिट्टी. मग दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पांडे चौकातल्या सलूनमध्ये जायचा. तिथं रात्री रेडिओभोवती गर्दी असायची, त्यांचा सेटही आमच्यापेक्षा भारी. तिथं विचारून रकाना भरायचा. सलूनवाल्याचं आणि वहीचं जुळलं नाही तर तिसरा साक्षीदार म्हणून कॉलेजातले मित्र. हे सगळं एखाद्या फिर्यादीच्या गांभीर्यानं चालायचं.

कॅसेटी आल्या खऱ्या, पण वाजवायच्या कशावर? माझ्या घरचा डेक दहा-बारा वर्षं बंद होता. उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून चाकांना चिकटलेला. अप्पा बळवंत चौकातून आत, तपकीर गल्लीत गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची ती गल्ली अजून जिवंत आहे, पण बहुतेक ठिकाणी आता एलईडीच्या माळा आणि मोबाइलचे चार्जर. तीन दुकानदारांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात साठीचे एक गृहस्थ भेटले. डेक हातात घेऊन म्हणाले, "ताई, ह्यात काय वाजवणार?" मी सांगितलं. त्यांनी डेक ठेवून घेतला आणि पैशांचं काही बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले तर बेल्ट बदललेला, रोलर बदललेला, टेप वाचणारं हेड पुसलेलं. कॅसेटी कशा हाताळायच्या याची शिकवणीही त्यांनीच घेतली.

त्यांनी शिकवलेलं थोडक्यात सांगते, कारण अशा कॅसेटी अनेकांच्या माळ्यावर असतील. कॅसेट सरळ डेकमध्ये घालायची नाही. आधी खिडकीतून टेपच्या कडा उजेडात बघायच्या. पांढरट ठिपके असले तर ती बुरशी. तशी कॅसेट वेगळी ठेवायची, नाहीतर बुरशी हेडवर येते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. टेपच्या मागं फेल्टची चिमुकली गादी असते, ती डिंक सुटून पडलेली असते. ती नसेल तर आवाज दबलेला येतो आणि आपण उगाच टेप खराब झाली म्हणून हळहळतो. दादाच्या निम्म्या कॅसेटींची गादी पडली होती. स्क्रूवाली कॅसेट उघडता येते, पण चिकटवलेली असेल तर शिवणीवर पातळ सुरी घालून फोडावी लागते आणि आतली रिळं दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवावी लागतात. हे मी डायनिंग टेबलावर, पंखा बंद करून, चष्म्यावर चष्मा लावून केलं. मग पेन्सिल घालून एकदा हातानं पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटलेले वेढे त्यानं मोकळे होतात.

सगळ्यात मजेचा भाग हेडचा. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्यानं हेडचा कोन बदलतो. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर आवाजाची धार जाते. दुकानदारानं सांगितलं होतं, "ताई, 'स' ऐकायचा. 'स' टोकदार झाला की थांबायचं." मग मी कॅसेट लावायची, निवेदनाची सुरुवात ऐकायची आणि ते स्वतःचं नाव घेतात त्या जागी स्क्रू फिरवायचा. 'आपका दोस्त अमीन' इथवर बोथट, आणि 'सायानी'वर पेचकसाची पाव फेरी. परत मागं. परत सायानी. लघुलहरीवर वरचे सूर तसेही कमीच येतात, पण तरी एका जागी तो 'स' दाताखाली खडा यावा तसा लागायचा. मग हात सोडायचा.

डेकची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि रेकॉर्डचं लाल बटण. इथं घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. त्यामुळं मला सगळं ऐकावं लागलं, न थांबता, आणि गाण्यांशिवाय.

गाण्यांशिवाय गीतमाला ऐकणं हा काय प्रकार आहे, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. निवेदन, गाण्याच्या सुरुवातीच्या व्हायोलिनची एक ओढ, 'खट्', आणि लगेच गाण्याच्या शेवटाची लकेर, त्यावर पुन्हा हा माणूस. सुरुवातीला दम लागल्यासारखं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या कॅसेटपासून कान सरावला आणि मग दिसायला लागलं की ते नेमकं काय करत होते.

सगळ्यांना आठवतो तो उत्साह, ती 'बहनों और भाइयों'ची ललकारी. आमच्या बार्शीच्या गणेशमंडळातल्या ऑर्केस्ट्राचा प्रत्येक निवेदक तेवढीच नक्कल करायचा आणि टाळ्या घ्यायचा. पण टेपवर ती ललकारी एका तासात फार थोडा वेळ आहे. बाकी वेळ ते हळू बोलतात. गाणं मागच्या आठवड्यात कुठं होतं, आता कुठं आहे, गायलंय कोणी, चाल कोणाची, शब्द कोणाचे. गीतकाराचं नाव ते गाळत नाहीत. मध्येच एखाद्या श्रोत्याचं पत्र. उतरलेल्या गाण्याबद्दल ते एक शब्दही टाकून बोलत नाहीत. उलट पुढच्या आठवड्यात ते वर चढेल अशी थोडी आशा ठेवतात. नव्यानं आलेल्या गाण्याचं स्वागत घरात पाहुणा यावा तसं. बारा-सोळा गाण्यांना त्यांनी माणसं करून टाकलं होतं आणि त्यांच्या चढउतारात आमचा जीव गुंतायचा. दादासारखा कापड मोजणारा पोरगा आठवडाभर एखाद्या गाण्याची काळजी करायचा.

आणि भाषा. दादाच्या कॅसेटींमधलं कुठलंही निवेदन काढा, सातवी शिकलेल्या माझ्या आईला अडेल असा शब्द सापडणार नाही. ते कुठून आलं, ते त्यांनी मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलंय. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढशिक्षणाचं काम करायच्या आणि गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. तोच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, भाषा साधी हिंदुस्थानी. मुलगा त्या कामात हाताखाली असायचा. नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल असं लिहायचं, ही तालीम घरातच झाली. बाकी त्यांची पार्श्वभूमी पाहिली तर हा माणूस हिंदीत यायलाच नको होता. घर गुजराती, शाळा आधी मुंबईत गुजराती माध्यमाची, मग ग्वाल्हेरचं सिंदिया स्कूल, पुढं मुंबईचं सेंट झेवियर्स. थोरले भाऊ हमीद इंग्रजी निवेदनातलं मोठं नाव, त्यांचं बोट धरून हे लहानपणीच इंग्रजी कार्यक्रमांत गेले. आकाशवाणीत हिंदीची चाचणी दिली तर उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून नापास!

मग झेवियर्सच्या तंत्रनिकेतनातल्या स्टुडिओत रेडिओ सिलोनसाठी हिंदी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं चालायची, तिथं ते जाऊन बसू लागले. एका दिवशी जाहिरात वाचणारा आला नाही म्हणून निर्माते बालगोविंद श्रीवास्तवांनी ह्यांना उभं केलं. ह्यांनी असा काही आवाज लावला की ते म्हणाले, ओरडू नकोस. मेहनताना काय, तर दर आठवड्याला दुधात घालायच्या ओव्हलटीनचा एक छोटा डबा. गीतमालाही अशीच गळ्यात पडली. नवा कार्यक्रम, पत्रं वाचायची, छाननी करायची, संहिता लिहायची, निवेदन करायचं आणि मिळणार आठवड्याला २५ रुपये. जुन्याजाणत्यांनी नाही म्हटलं, विशीतल्या ह्या पोरानं हो म्हटलं. पहिल्या कार्यक्रमाला पाच-पन्नास पत्रं येतील अशी अपेक्षा होती, आली ९ हजार. पुढं आठवड्याला ६० हजारांवर गेली. तेव्हा सात गाणी वाजवून श्रोत्यांनी क्रम लावायचा असा प्रकार होता. तो पत्रांच्या ढिगाखाली गुदमरला आणि १९५४ पासून क्रमवारीची गीतमाला आली. रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती, यावर पायदान ठरायची.

 

आम्ही घरात त्यांना अमीनच म्हणायचो, एकेरीत. 'अमीन आज सर्दीत आहे' असं आई म्हणायची. पोस्टकार्डं आम्हीही पाठवली. एकही वाचलं गेलं नाही आणि त्याचं फारसं काही वाटलंही नाही. मला जास्त रस गीतमालेच्या प्रायोजक बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्या प्राण्यांत होता. घरात खरं तर दंतमंजन चालायचं. पेस्ट फक्त माझ्या हट्टापायी यायची आणि दादा मला गीतमालेच्या वतीनं पाठिंबा द्यायचा, म्हणजे आपण पेस्ट घेतली नाही तर कार्यक्रम बंद पडेल असं वडिलांना पटवायचा.

कॅसेटींकडं परत येते. गाणी नसली तरी आमचं घर त्यांत भरपूर आहे. दादानं टू-इन-वन असूनही सुरुवातीला त्याच्या रेडिओवर विश्वास ठेवला नाही. मर्फीवर लावायचं आणि पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवायचा, अशा पहिल्या काही कॅसेटी आहेत. त्यात गिरणीचा भोंगा आहे, शेजारचा हापसा आहे, फोडणीचा चर्र आवाज आहे. एका ठिकाणी मी आहे. अमीन कुठलंसं गाणं चौथ्या पायदानवर आल्याचं सांगतात आणि मागून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा चिरका आवाज, "पाचवं म्हणाले, पाचवं!" त्यावर दादा, "गप बस, भरतंय ते!" आणि खट्.

या पायदानवरून आमचं तेव्हा कडाक्याचं भांडण झालं होतं, चांगलं आठवतंय. वही काढून बघितली. दादानं लिहिलंय चार. टेपवर तो शब्द खरखरीत अर्धा बुडालाय. मी हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं. शेवटी पुढच्या बुधवारचं निवेदन शोधून काढलं, कारण 'पिछले हफ्ते' म्हणून ते मागची पायदान सांगतातच. पाचच होतं. दादाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "टेप ताणली असेल."

पुढचा टप्पा सफाईचा. भाच्यानं सांगितलं, "आत्या, खरखर काढून टाकता येते. निवेदक बोलत नाही अशी जागा निवडायची, मशीनला सांगायचं की ही खरखर आहे, मग ते सगळीकडून ती वजा करतं." केलं. पहिल्या फटक्यात आवाज स्वच्छ झाला, पण अमीन लोखंडी नळीतून बोलायला लागले. प्रमाण कमी केलं. नळी गेली, तरी काहीतरी बिनसलेलं. कुठं बिनसलंय ते पडद्यावरच्या आलेखात दिसलं. ते पहिल्या क्रमांकाचं गाणं सांगण्याआधी थांबतात. बिगुल वाजतं, एक वाक्य येतं, आणि मग जराशी फट. तेवढ्या वेळात आम्ही सगळे रेडिओकडं सरकायचो, वडील बाजेवर कूस बदलायचे. मूळ टेपवर त्या फटीत लघुलहरीची खरखर चालू आहे, म्हणजे कोलंबो अजून लागलेलं आहे, आवाज गेलेला नाही, आता येईल. सफाईनंतर तिथं सपाट रेष. ऐकताना प्रत्येक वेळी वाटे, गेलं स्टेशन. दोन्ही नमुने दादाला फोनवर ऐकवले. त्यानं खरखरवाला निवडला. मग मी फक्त 'खट्'चे आवाज थोडे मऊ केले आणि विजेच्या तारांची घरघर जिथं फारच होती तिथं कमी केली. बाकी आहे तसं ठेवलं.

बुरशीच्या काही कॅसेटी मात्र वाजवता आल्या नाहीत. त्यात १९७८ च्या वार्षिक कार्यक्रमाची आहे, याचं वाईट वाटतं. तपकीर गल्लीतल्या गृहस्थांनी ती ठेवून घेतलीय. घाई करू नका म्हणालेत.

ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी फारशा नाहीत. माझं लग्न झालं, दादा दुकानात अडकला, घरोघर टीव्ही आला. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि पुढं १९९४ पर्यंत चालली. आता खरखर नव्हती, रेडिओ लावला की स्वच्छ ऐकू यायची, आणि आम्ही दोघांनीही ती नेमानं ऐकली नाही. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दादानं दुकानात पेढे वाटले होते. गिऱ्हाइकांना वाटलं नातू झाला.

जूनच्या शेवटी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घालून मी बार्शीला गेले. दादानं त्या दुकानातल्या स्पीकरला लावल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, गादीवर आम्ही दोघं आणि हिशेबाला बसलेला भाचा. दर निवेदन संपलं आणि पुढचं लगेच सुरू झालं की दादा मधल्या गाण्याचं धृपद पुटपुटायचा. एकदाही चुकला नाही. वही समोर होती, पण उघडली नाही.

हे बघून भाच्याला सुचलं. म्हणाला, "नेटवर सगळी गाणी आहेत. मी प्रत्येक 'खट्'च्या जागी ते ते गाणं बसवतो. तुम्हाला अख्खा तास परत मिळेल." वही हाताशी असल्यानं गाणी शोधायला वेळ लागला नाही. एका भागावर त्यानं दोन रात्री घातल्या. अमीनचं वाक्य, मग पूर्ण गाणं, अगदी चोख जोड, कुठं शिवण दिसत नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी आम्हाला मोठ्या कौतुकानं ऐकवलं.

दोन गाणी होईपर्यंत दादा गप्प होता. तिसरं सुरू झालं तशी त्यानं कप खाली ठेवला.

"काढ रे ती गाणी," म्हणाला. "किती वेळ झाला, तो बोललाच नाही."